काटा, दिवा आणि आकडा: तिघांचा बोलविता धनी एकच

तळेगाव दाभाड्याहून चाकणला जायचे तर अंतर वीसेक किलोमीटर. पण शिफ्ट सुटण्याच्या वेळी कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे अडकलात, तर हेच अंतर तासाभराचे होते. अशा वेळी पेट्रोलचा पिवळा दिवा लागला की गाडीत चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "रिझर्व्हवर अजून पन्नास किलोमीटर आरामात जाईल." दुसरा म्हणतो, "स्क्रीनवर साठ दाखवतेय." दोघेही ठामपणे बोलतात, पण दोघांच्या बोलण्याला आधार एकाच वस्तूचा असतो: टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटचा.

मागची सीट उचलून पंपाचे झाकण उघडले की ही वस्तू दिसते. पंपाच्या डब्याला एक तारेची दांडी आणि दांडीच्या टोकाला फ्लोट. इंधनाची पातळी बदलली की दांडी हलते आणि तिच्या मुळाशी असलेले धातूचे टोक एका बारीक रेघांच्या पट्टीवर सरकते. टोक कुठे टेकले आहे त्यावर विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून पातळी कळते. म्हणजे टाकीत लिटर मोजणारे असे काही नसतेच. मोजली जाते ती उंची, आणि बरेचसे गैरसमज इथूनच निघतात.

गैरसमज: कारलाही वेगळी रिझर्व्ह टाकी असते.

वस्तुस्थिती: ही समजूत स्कूटरच्या दिवसांतली. आकुर्डीत बनलेल्या चेतकवर वाढलेल्या पिढीला कॉक फिरवून रिझर्व्हला लावायची सवय होती. तिथेही टाकी एकच असायची. नेहमीच्या नळीचे तोंड थोडे वर, रिझर्व्हचे तळाशी, एवढाच फरक. कारमध्ये असा कॉक नाही. बहुतेक गाड्यांत टाकीचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग उरला की दिवा लागतो. 37 लिटरच्या टाकीत हे चार-पाच लिटर झाले. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो.

गैरसमज: काटा बिघडला तरी दिवा वेळेवर सांगेल.

वस्तुस्थिती: हा सर्वांत महागात पडणारा समज. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा, दिवा आणि 'अजून इतके किलोमीटर' हा आकडा, तिन्ही त्या एकाच फ्लोटच्या खबरीवर चालतात. फ्लोट अर्ध्यावर अडकला तर काटा अर्ध्यावर राहील, दिवा गप्प बसेल आणि गाडी रस्त्यात बंद पडेल. काही जुन्या गाड्यांत दिव्यासाठी वेगळा सेन्सर असायचा, पण आज त्यावर विसंबता येत नाही. पट्टीवरच्या रेघा झिजल्या की काटा एका ठरावीक जागी आला की एकदम खाली पडतो आणि थोड्या वेळाने परत वर येतो. असे होऊ लागले की सेन्सर तपासून घ्यावा.

पट्टी इंधनामुळेही खराब होऊ शकते. 2004 च्या मे महिन्यात अमेरिकेत लुईझियाना आणि फ्लोरिडात गंधकाचे प्रमाण बिघडलेले पेट्रोल विकले गेले. सेन्सरमधल्या चांदीवर गंधकाची पुटे चढली आणि रिकाम्या होत आलेल्या टाक्यांचे काटे भरलेली टाकी दाखवू लागले.

गैरसमज: काटा अर्ध्यावर म्हणजे अर्धी टाकी.

वस्तुस्थिती: कारची टाकी चौकोनी डबा नसते. मागच्या सीटखाली, सायलेन्सरला आणि ॲक्सलला जागा सोडून ती वेडीवाकडी बसवलेली असते. उंची निम्मी झाली म्हणजे इंधन निम्मे झाले, असे होत नाही. टाकी फुल असताना फ्लोट वर टेकलेला असतो, म्हणून पहिले काही लिटर जळले तरी काटा हलत नाही. नव्या गाड्यांत संगणक हा हिशेब बराच दुरुस्त करतो, जुन्या गाड्यांत दुसरी अर्धी टाकी पहिलीपेक्षा लवकर संपल्यासारखी वाटते. शिवाय खड्ड्यागणिक नाचू नये म्हणून काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो.

गैरसमज: स्क्रीनवर साठ किलोमीटर आहेत, म्हणजे साठ जाणारच.

वस्तुस्थिती: हा आकडा म्हणजे उरलेले इंधन गुणिले अलीकडचे ॲव्हरेज. तो मागचा रस्ता पाहून पुढचा अंदाज बांधतो. खोपोलीहून बोरघाट चढताना तो झरझर उतरतो. खंडाळ्याहून घाट उतरताना तोच कधी कधी वाढतो, पण खाली पोचल्यावर हा उताराचा प्रताप टिकत नाही. चढावर इंधन टाकीत मागे सरकते, त्यामुळे फ्लोटची खबरही तेवढ्यापुरती बदलते. आणि चाकणच्या तळेगाव चौकात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते. दिवा लागलेला असताना द्रुतगती मार्गावर चढणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. तिथे मनात येईल तिथे बाहेर पडता येत नाही आणि कडेला उभी गाडी म्हणजे अपघाताला निमंत्रण.

गैरसमज: दोनशेचे पेट्रोल टाकूनही काटा हलला नाही, म्हणजे पंपाने फसवले.

वस्तुस्थिती: दोनशे रुपयांत आज दोन लिटरही येत नाहीत आणि सुस्त काट्याला एवढी भर लगेच दिसतेच असे नाही. पंपावर मापात पाप होत नाही असे नव्हे. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यात पंपांवर छापे टाकून यंत्रातल्या चिपची लबाडी उघडकीस आणली होती. पण त्याचा पुरावा काट्यावरून मिळत नाही. शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. ते ग्राहकाला दाखवणे पंपाचे काम आहे आणि पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतच फरक चालतो. '37 लिटरच्या टाकीत 39 बसले' हीदेखील चोरी ठरत नाही. छापील आकडा वापरासाठी सांगितलेला असतो; वाफेसाठीची मोकळी जागा आणि भरायची नळी धरून टाकी त्याहून मोठी असते.

गैरसमज: सीएनजीचा एक ठिपका रात्रीत गेला, म्हणजे गळती आहे.

वस्तुस्थिती: सीएनजीचे मीटर दाब पाहते. सुमारे 200 बार दाबाने भरताना टाकीतला वायू तापतो. गाडी थंड झाली की दाब उतरतो आणि एखादा ठिपका विझू शकतो. गॅस तेवढाच असतो. मात्र वास आला किंवा ठिपके उतरतच राहिले, तर गाडी तपासून घ्यावी.

गैरसमज: टाकी तळाला गेली की गाळ इंजिनात जातो.

वस्तुस्थिती: पंप इंधन नेहमी तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असली तरी. तिथे जाळीही असते. खरा धोका वेगळा आहे. टाकीतला विजेचा पंप इंधनातच थंड राहतो. इंधन संपले की तो तापतो, कोरडा फिरतो आणि त्याचे आयुष्य घटते. डिझेल गाडीत नळ्यांत हवा शिरली, तर ती काढण्यासाठी मेकॅनिक बोलवावा लागू शकतो.

तिन्ही खबरी एकाच तोंडच्या असतील तर चौथी खबर स्वतंत्र हवी, आणि ती फुकट मिळते. नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरा आणि किलोमीटरला बिलावरच्या लिटरने भागा. असे दोन-चार वेळा केले की आपल्या रस्त्यांवर गाडी खरेच किती देते ते कळते. मग पाव टाकीला पंप गाठायचा, आणि काटा अर्धी टाकी दाखवत असला तरी ट्रिप मीटर 'भरायची वेळ झाली' म्हणत असेल, तर ट्रिप मीटरचे ऐकायचे.