नऊ वर्षांत तीनच अणू : ११३वं मूलद्रव्य पकडलं कसं?

जपानमधल्या वाको शहरात ‘रिकेन’ ही संशोधन संस्था आहे. तिथे कोसुके मोरिता यांच्या गटाने २००३ मध्ये ११३वं मूलद्रव्य बनवायला घेतलं. २०१२ पर्यंत हाती लागले फक्त तीन अणू, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकणारे. जी वस्तू पापणी लवायच्या आत संपते, ती खरंच होती हे जगाला पटवायचं कसं?

आधी बनवायचं

जस्ताच्या केंद्रकात ३० प्रोटॉन असतात, बिस्मथच्या केंद्रकात ८३. दोन्हींची बेरीज ११३. म्हणून जस्ताची केंद्रकं प्रकाशाच्या सुमारे १० टक्के वेगाने बिस्मथच्या पातळ थरावर सोडली. दर सेकंदाला दोन लाख कोटींहून जास्त! त्यातली जवळपास सगळी वाया जातात, दोन केंद्रकं जुळून एक होणं फार दुर्मीळ. पुढे ‘गॅरिस’ नावाचं यंत्र चाळणीचं काम करतं. त्यात हेलियम वायू आणि चुंबकं असतात. नको ते कण बाजूला वळतात आणि जड केंद्रक सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये जाऊन रुततं.

मग ओळखायचं

इतके प्रोटॉन एकत्र असले की ते एकमेकांना ढकलत राहतात. मग केंद्रक दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा बाहेर फेकतं. हाच अल्फा कण. प्रत्येक वेळी प्रोटॉन दोनने कमी होतात : ११३, १११, १०९, १०७, १०५. डिटेक्टर दर वेळी तीन गोष्टी टिपतो : जागा, वेळ आणि ऊर्जा. एकाच जागी ओळीने अल्फा कण निघाले म्हणजे ते एकाच घराण्यातले. त्या ओळीत पुढे एखादं ओळखीचं केंद्रक सापडलं, की उलट मोजत मूळ केंद्रकापर्यंत जाता येतं. नातू ओळखीचा निघाला की आजोबांचं नाव सांगता येतं, तसंच हे.

अडलं कुठे?

पहिला अणू २३ जुलै २००४ रोजी दिसला, दुसरा २ एप्रिल २००५ रोजी. दोन्ही वेळा चार अल्फा कण निघाले, अन् १०५व्या मूलद्रव्याचं, म्हणजे डब्नियमचं केंद्रक सरळ दुभंगलं. नुसत्या दुभंगण्यावरून केंद्रक कोणतं होतं, हे ठामपणे सांगता येत नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने पुरावा अपुरा ठरवला. शिवाय रशिया-अमेरिकेच्या संयुक्त गटाचाही याच मूलद्रव्यावर दावा होता.

दुसऱ्या अणूनंतर सात वर्षं गेली. १२ ऑगस्ट २०१२ रोजी तिसरा अणू सापडला. या वेळी डब्नियम दुभंगलं नाही. त्यातून अल्फा कण निघून लॉरेन्सियम झालं, आणखी एक निघून मेंडेलेव्हियम. शेवटच्या या दोन अल्फा कणांची ऊर्जा आणि वेळ आधीपासून माहीत असलेल्या आकड्यांशी जुळली. साखळी पुरी झाली.

डिसेंबर २०१५ मध्ये शोधाचा मान रिकेनला मिळाला आणि २०१६ मध्ये ‘निहोनियम’ हे नाव पक्कं झालं. ‘निहोन’ म्हणजे जपान. या देशाचं नाव आवर्तसारणीत आणायचा प्रयत्न मासाताका ओगावा यांनी १९०८ मध्येच केला होता. ४३वं मूलद्रव्य सापडलं असं सांगून त्यांनी त्याला ‘निप्पोनियम’ म्हटलं. पण ती ओळखच चुकीची ठरली, नावही गेलं. शंभर वर्षांनी नाव टिकलं, कारण या वेळी ओळख पटवणारी साखळी शेवटपर्यंत जुळली होती.