‘तुमचा एरिया निगेटिव्ह आहे’: बँकेतला भेदभाव कसा चालतो आणि आपण काय मागू शकतो

आमचा एक जुना विद्यार्थी एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. आयटीआय केलंय, हात चांगला आहे, उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते. गेल्या वर्षी त्याने स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं आणि मुद्रा योजनेतून तीन लाख मिळतील का ते विचारायला बँकेत जायला निघाला. आम्हालाही सोबत नेलं. म्हणाला, “सर, तुम्ही असलात तर नीट बोलतील.”

साहेबांनी कागद चाळले. आधार, पॅन, उद्यम नोंदणी, आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळं होतं. मग पत्त्यावर त्यांचं बोट थांबलं. “हा भाग आमच्याकडे निगेटिव्हमध्ये येतो. वरूनच आहे, आमच्या हातात काही नाही.” आम्ही विचारलं, हे कुठं लिहिलंय? साहेब हसले. “असं लिहून थोडंच देतात, सर?”

बाहेर आल्यावर पोरगा एवढंच म्हणाला, “जाने दो सर.” साहेबांच्या हसण्यापेक्षा ते “जाने दो” आम्हाला जास्त लागलं. पंचविशीतल्या पोराला ते इतक्या सहज म्हणता येतं, म्हणजे घरात ते लहानपणापासून ऐकलेलं असणार. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ या.

पत्ता पाहून माणसाची लायकी ठरवायची ही पद्धत काही आपल्याकडेच निघालेली नाही. तिचा सगळ्यात गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. १९३० च्या दशकात तिथे मोठी मंदी होती, हप्ते थकून लोकांची घरं जात होती. १९३३ साली सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही संस्था काढली आणि तिने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे तयार करून घेतले. कर्जासाठी उत्तम वस्ती हिरव्या रंगात, त्याखालची निळ्या, उतरणीला लागलेली पिवळ्या आणि ‘धोक्याची’ वस्ती लाल रंगात. कृष्णवर्णीय लोक राहत त्या वस्त्या जवळपास सगळ्या लालमध्ये गेल्या. तिथल्या एखाद्या माणसाची नोकरी पक्की असो, हप्ते वेळेवर भरलेले असोत, त्याने काही फरक पडत नव्हता. १९३४ पासून घरकर्जाला सरकारी विमा मिळू लागला, तोही अशा वस्त्यांना टाळूनच. या प्रकाराला पुढे ‘रेडलाइनिंग’ म्हणजे लाल रेघ मारणं असं नाव पडलं.

आता ही रेघ काय करते ते बघा. घराला कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून घराची किंमत पडते, किंमत पडली म्हणून बँक म्हणते, बघा, आम्ही सांगतच होतो. शेवटी नकाशा खरा ठरतो, पण तो खरा ठरवतो नकाशाच.

तिथे यावर कायदे झाले. घरांच्या बाबतीत १९६८ साली, कर्जाच्या बाबतीत १९७४ साली. त्यात दोन वर्षांनी वंश आणि धर्म हे शब्दही आले. कर्ज नाकारलं तर कारण सांगणं सावकाराला बंधनकारक झालं. पण आम्हाला सगळ्यात कामाचा वाटतो तो १९७५ चा कायदा. घरकर्ज कोणत्या भागात किती दिलं, याचा तपशील बँकांनी जाहीर करायचा, एवढीच त्याची मागणी. हाच तपशील घेऊन अटलांटाच्या एका वर्तमानपत्राने १९८८ साली हिशोब मांडला. उत्पन्न सारखं असलेल्या दोन वस्त्या, एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची. गोऱ्यांच्या वस्तीला कर्जं जवळपास पाचपट. या लेखमालेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. आकडे समोर आल्यावर “तुमचा गैरसमज झालाय” असं म्हणायची कुणाची सोय राहिली नाही.

आपल्याकडचा आरसा म्हणजे सच्चर समिती. २००५ साली नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यात बँककर्जावर एक पूर्ण प्रकरण आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग ‘निगेटिव्ह’ म्हणून ठरवून ठेवले आहेत आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहज मिळत नाहीत. म्हणजे साहेबांच्या तोंडचा शब्द त्यांनी जागेवर बनवलेला नव्हता. २००१ च्या जनगणनेत मुसलमान १३.४ टक्के होते. अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जखात्यांच्या संख्येत आपला वाटा १२ टक्क्यांच्या आसपास निघाला, पण रकमेत पाच टक्क्यांच्याही आत. खातं आहे, पण त्यात पैसा थोडा. हे आकडे आता जुने झालेत, हे खरं. पण खात्यांची संख्या बघून खूश व्हायचं नाही, रक्कम बघायची, ही गोष्ट जनधननंतर तर जास्तच लक्षात ठेवायला हवी.

बँकवाल्यांची बाजूही ऐकू. ते म्हणतात, त्या भागात वसुली अवघड जाते, घरांचे कागद नीट नसतात, माणसं घरं बदलतात. काही ठिकाणी ते खरंही असेल. समोरच्या माणसाची परतफेडीची ऐपत तपासायचा बँकेला पूर्ण हक्क आहे, तिच्याकडे ठेवीदारांचा पैसा असतो. पण तपासायचं त्या माणसाला. शेजारच्याने हप्ता बुडवला म्हणून याचा अर्जच घ्यायचा नाही, ही तपासणी नव्हे. आणि बँक नाही म्हणाली की माणूस जातो कुठं? खासगी सावकाराकडे, नाहीतर सोनं गहाण टाकायला. सावकाराची परतफेड तो इमानदारीने करतो, पण ती कुठल्याच रेकॉर्डवर येत नाही. मग पाच वर्षांनी पुन्हा बँकेत गेला की स्कोअर कोरा. ३०० ते ९०० मधला आकडा ज्याला कधी मिळालाच नाही, त्याला बँक पुन्हा ‘जोखमीचा’ म्हणते. लाल रेघ अशी आता कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसते.

हे झालं कर्जाचं. रोजच्या काउंटरवरचा प्रकार वेगळा असतो आणि तो सिद्ध करणं जास्त कठीण. जानेवारी २०२२ मध्ये अटलांटामध्येच एक प्रसंग घडला. ‘ब्लॅक पँथर’ सिनेमाचे दिग्दर्शक रायन कूगलर बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेत स्वतःच्या खात्यातले बारा हजार डॉलर काढायला गेले. मोठी रक्कम सगळ्यांसमोर मोजू नये म्हणून त्यांनी स्लिपच्या मागे लिहिलं की पैसे कृपया दुसरीकडे, शांतपणे मोजा. काउंटरवर संशय आला, दरोडा समजून पोलिसांना फोन गेला आणि कूगलर यांच्या हातात बेड्या पडल्या. ओळख पटल्यावर सोडलं, बँकेने माफी मागितली. पोलिसांच्या अहवालानुसार काउंटरवरची बाईसुद्धा कृष्णवर्णीय होती. इथे थांबून विचार करावा असं आहे. भेदभाव फक्त ‘दुसरा’च करतो असं नाही. कोण संशयित दिसतो याची सवय एकदा यंत्रणेला लागली की तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला ती लागते. आपल्याच आडनावाचा क्लार्क आपल्याच खालांवर खेकसताना आम्ही पाहिलाय.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये बिहारच्या बेगुसरायमधला व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. युको बँकेच्या शाखेत पैसे काढायला आलेल्या मुलीला हिजाबवरून अडवलं गेलं. घरच्यांनी एकच प्रश्न लावून धरला, तसा लेखी आदेश असेल तर दाखवा. नंतर बँकेने, आम्ही जात-धर्म पाहून भेदभाव करत नाही, असं जाहीर केलं.

पण नियम कोणता आणि भेदभाव कोणता, हे आपल्यालाही ओळखता यायला हवं. नाहीतर प्रत्येक प्रश्न अपमान वाटतो आणि खरा अपमान त्यात हरवून जातो. मोठी रोख रक्कम भरताना पॅन मागतात, तो नियम सगळ्यांना आहे. केवायसी ठराविक वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, तीही सगळ्यांना. नकाबमधल्या बाईला फोटोशी चेहरा जुळवायला सांगणं हेही ओळख पटवण्याचं साधं काम आहे; ते बाजूला, महिला कर्मचाऱ्यासमोर करा, असं आपण म्हणू शकतो आणि समजूतदार शाखेत ते ऐकलंही जातं. भेदभाव ओळखायची आमची एक सोपी कसोटी आहे. रांगेत आपल्या पुढे होता त्याला हाच प्रश्न विचारला का? त्याला “सर, फॉर्म भरा” आणि आपल्याला “तुम लोगों को समझता नहीं क्या”, तर मग तो नियम नाही. आणि धर्माचं म्हणाल तर भारतीय नागरिकाला बँकेच्या केवायसीसाठी धर्म सांगण्याची गरज नाही, हा खुलासा केंद्राच्या वित्त सचिवांनीच डिसेंबर २०१९ मध्ये केला होता.

एक कबुली आमच्या पेशाचीही द्यायला हवी. आपली कितीतरी कामं भेदभावाने नाही, स्पेलिंगने अडतात. उर्दूतलं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये देवनागरीत लिहिलं जातं, तिथून इंग्रजीत. दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहम्मद’चं छोटं रूप, पॅनवर तिसरंच. ‘शेख’ कुठे आधी, कुठे शेवटी. बापाचं नाव कुठे आहे, कुठे नाही. कॉम्प्युटरला ही तीन माणसं वाटतात. ज्याला ‘नाही’ म्हणायचंच आहे त्याला आपण हे आयतं कारण देतो. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी घाईत लिहिलेलं एक अक्षर वीस वर्षांनी कर्ज अडवतं. पालकांनी दाखला घेतानाच तो आधारशी पडताळून बघावा, हे आम्ही दर मीटिंगला सांगतो.

आता हक्काचं. डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. त्यात पाच हक्क आहेत आणि पहिलाच न्याय्य वागणुकीचा: लिंग, वय, धर्म, जात, शारीरिक क्षमता यांवरून ग्राहकाशी अन्यायाने भेदभाव होऊ नये. कर्ज देणाऱ्यांसाठीच्या आचारसंहितेतही धर्मावरून भेद करू नये असं आहे. त्याच संहितेप्रमाणे कर्जाच्या अर्जाची पोच द्यावी लागते आणि अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावं लागतं, रक्कम कितीही लहान असो. मुलांच्या शिक्षणकर्जासाठी तर ‘तुमचं घर आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालणार नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बजावलंय. चार लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला तारणही मागायचं नाही. बारावीच्या निकालानंतर ही दोन वाक्यं प्रत्येक मोहल्ल्यात ऐकवायला हवीत.

सगळा खेळ म्हणूनच ‘तोंडी’ आणि ‘लेखी’ यातला आहे. तोंडी नकार हा नकारच धरला जात नाही, कारण अर्ज आलाच नाही असं दाखवता येतं. बँकेच्या रजिस्टरमध्ये तुम्ही आलाच नव्हतात! म्हणून अर्ज टेबलावर द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. नाही घेतला तर स्पीड पोस्टाने पाठवायचा, किंवा ऑनलाइन करून नंबर जपून ठेवायचा. तक्रार असेल तर आधी बँकेकडेच लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सरकारी बँक असेल तर दहा रुपयांत माहितीचा अधिकारही वापरता येतो.

पण खोटी आशा दाखवणार नाही. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाही. तक्रार “मला कर्ज दिलं नाही” अशी लिहिली तर ती तिथेच संपेल. “अर्जाची पोच दिली नाही, कारण लेखी दिलं नाही, पत्त्यावरून अर्ज परत केला” अशी लिहिली तर ती सेवेतल्या त्रुटीची तक्रार होते. आणि अमेरिकेसारखा, कर्जातल्या भेदभावासाठी खास कायदा आपल्याकडे नाही. आहे ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांच्या आधारानेच लढायचं आहे. अल्पसंख्याक समाजाचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत अग्रणी बँकेने अशा कर्जांच्या अडचणींसाठी एक स्वतंत्र अधिकारी ठेवायचा असतो. आमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारलं, एकालाही हे माहीत नव्हतं. आम्हालाही हे प्रकरण झाल्यावरच कळलं.

त्या पोराचं पुढे काय झालं? आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो, या वेळी अर्ज टाइप करून, दोन प्रतींत. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी कळवावे. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. शिक्का मारला. महिन्याभराने पत्र आलं. त्यात निगेटिव्ह एरियाचा शब्दही नव्हता. उत्पन्नाचा पुरेसा पुरावा नाही, एवढंच होतं. खरं सांगायचं तर तो मुद्दा चुकीचा नव्हता, कारण त्याचे सगळे पैसे रोखीत येत. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला बिल देतो, पैसे खात्यात घेतो, आणि यंदा पहिल्यांदा रिटर्न भरलंय. पत्र त्याने फाइलला लावून ठेवलंय. येत्या महिन्यात तोच अर्ज, त्याच शाखेत, पुन्हा द्यायचा आहे. या वेळी तो म्हणतोय, “सर, तुम्ही नाही आलात तरी चालेल.”