भरंवसा आणि जमाखर्च



ईश्वरावर भरंवसा ठेवा असें सांगणारीं माणसें पुष्कळ भेटतात. तो ठेवल्यावर महिनाअखेरीस वाण्याच्या उधारीचें काय करावें, हें सांगणारीं फारशीं भेटत नाहींत. ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या जीवनांतील या भरंवशाविषयीं आज बोलावयाचें आहे, आणि तें व्यासपीठावरून न बोलतां घरखर्चाच्या वहीवरून बोलावें असा माझा विचार आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत हा विषय केवळ पुस्तकी नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढें स्कूटरींचे, मोटारींचे, यंत्रांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग साऱ्या महाराष्ट्रांतून माणसें आलीं. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतून व मराठवाड्यांतून आलेलीं ख्रिस्ती कुटुंबेंही त्यांत आहेत. त्यांची पहिली अडचण तत्त्वज्ञानाची नसून दिनदर्शिकेची आहे. ख्रिस्ती आठवड्याचा मुख्य दिवस रविवार. पण या पट्ट्यांतील पुष्कळशा कारखान्यांना साप्ताहिक सुटी मिळते ती गुरुवारीं. विजेची वांटणी सोयीची व्हावी म्हणून ती प्रथा पडली आणि रुळली. अशा कारखान्यांतील माणसाचें कुटुंब रविवारीं सकाळीं उपासनेस निघतें, तेव्हां हा डबा घेऊन पाळीवर निघालेला असतो. देवाला द्यावयाचा वेळ आणि मालकाला द्यावयाचा वेळ यांचा हिशेब त्याला दर आठवड्यास नव्यानें मांडावा लागतो. धर्म हा सवडीचा विषय आहे असें समजणाऱ्यांनीं या माणसाकडे एकदां पाहावें.

भरंवसा या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ काय? देव आहे असें मानणें म्हणजे भरंवसा नव्हे. तें मानून कांहींही न करणारीं माणसें सर्वच धर्मांत सुखानें नांदत असतात. देव आपला पिता आहे, आपली गरज तो जाणतो, हें गृहीत धरून आजचें काम करणें आणि उद्यांची धास्ती त्याच्यावर सोंपविणें, याला भरंवसा म्हणतात. प्रभु येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत अन्नाची जी मागणी आहे ती एका दिवसापुरती आहे, वर्षाच्या बेगमीची नाहीं. आकाशांतील पांखरांचा आणि रानांतील फुलांचा दाखला देऊन त्यानें मनाई केली ती चिंतेची. हिशेबाला मनाई केलेली माझ्या वाचनांत नाहीं. उलट, बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें अगोदर बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असेंही त्यानेंच सांगितलें आहे. हीं दोन्ही वचनें एकाच शुभवर्तमानांत आहेत, ही गोष्ट भाविकांच्या आणि व्यवहारी माणसांच्या, दोघांच्याही, ध्यानांतून निसटते.

या पट्ट्याच्या शेजारींच, इंद्रायणीच्या कांठीं, देहू आहे. तेथील एक परंपरागत कथा सर्वांना ठाऊक आहे. तुकोबांना विरक्ति आली तेव्हां त्यांनीं सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं. पण या कथेचा जो भाग आपण घाईनें सांगून टाकतों, तो मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनीं खतांच्या दोन वांटण्या केल्या. धाकटा भाऊ कान्होबा याची वांटणी त्याच्या हवालीं केली आणि फक्त आपल्या वांट्याची नदींत टाकली. आपल्या श्रद्धेची किंमत आपल्या वांट्यांतून द्यावयाची, भावाच्या नव्हे, हा विवेक त्या बुडविण्यांत होता. (आवलीला विचारलें होतें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र राहतोच.)

देहूचा उल्लेख ख्रिस्ती विषयांत आडवाटेनें आला असें कोणी समजूं नये. मराठी ख्रिस्ती कवितेचे अग्रणी रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१, बाप्तिस्मा मुंबईस १८९५ सालीं, हे आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों अशा अर्थाचें सांगत असत. टिळकांचा भरंवसा तुकोबांच्याच जातीचा होता. पैसा त्यांच्या हातीं टिकत नसे. दारीं आलेल्याला विन्मुख धाडणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. अनेक वर्षें अमेरिकन मराठी मिशनची नोकरी केल्यावर १९१७ सालीं त्यांनीं ती पगारासह सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सारेच ख्रिस्तभक्त तेथें एका पंगतीस बसावे, ही त्यामागील कल्पना. कल्पना मोठी होती यांत शंका नाहीं. पण पगार सोडणें हा टिळकांचा निर्णय होता, आणि त्यानंतर रोज चूल पेटविणें हें काम लक्ष्मीबाईंचें होतें.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. त्यांत नवऱ्यावरील प्रेमाला आणि आदराला कोठेंही उणें नाहीं. पण त्याच्या औदार्याचें देणें घरांतल्या बाईला कसें फेडावें लागतें, हें त्यांनीं हंसत हंसत, एक अक्षर न लपवितां लिहिलें आहे. धर्मनिष्ठेवर मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें. तिची स्वयंपाकघरांतली बाजू मात्र इतक्या स्वच्छपणें क्वचितच कोणी दाखविली असेल. त्यांची स्वतःची श्रद्धाही नवऱ्याच्या मागोमाग फरफटत आली नाहीं. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतल्यावर पांच वर्षांनीं, १९०० सालीं, त्यांनीं तो घेतला. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं आपल्यापुरता आधीं सोडविला, मग शिवाशीव सोडली, आणि त्यानंतर धर्म स्वीकारला. पाण्याच्या भांड्यापासून देवापर्यंत त्या आपल्या पायांनीं चालत गेल्या.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव आहे. पंडिता रमाबाईंचें 'मुक्ति मिशन' तेथें आजही चालूं आहे. रमाबाईंचें चरित्र बहुतेकांना विदुषी आणि समाजसुधारक म्हणून ठाऊक असतें. पण भरंवशाचा अभ्यास करावयाचा तर त्यांचे केडगांवचे दिवस पाहिले पाहिजेत, आणि ते समजण्यासाठीं त्याआधींची भूक पाहिली पाहिजे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणें सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थीं हिंडत. १८७६-७७ च्या दुष्काळांत हें कुटुंब अन्नान्न झालें. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. या काळाविषयीं रमाबाईंनीं पुढें लिहिलें. जवळचें सारें व्रतें, दानें आणि अनुष्ठानें यांत संपलें होतें. हाताला कसलाही व्यवसाय नव्हता, आणि अंगमेहनत करणें घराण्याला शोभत नाहीं ही समजूत घट्ट होती. म्हणजे दैवावर हवाला ठेवून हात जोडून बसण्याचा शेवट काय होतो, हें त्यांनीं विशीच्या आंतच आपल्या माणसांच्या मरणांत पाहिलें होतें. पुढें केडगांवीं प्रत्येक मुलीला कांहींना कांहीं हातकाम शिकावेंच लागे, त्याचें मूळ माझ्या मतें या दुष्काळांत आहे.

१८८३ सालीं इंग्लंडमध्यें वॉण्टेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या. बोस्टनच्या मंडळींनीं १८८७ सालीं संस्था काढून दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें, आणि १८८९ च्या ११ मार्चला मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ सालीं मुलींच्या प्रार्थनेस बसण्यावरून मोठें वादळ झालें; रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत दोन्ही बाजूंना बोलण्याजोगें होतें, आणि तो येथें उकरण्याचें कारण नाहीं. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच कीं पुण्यांतील आधार सुटला आणि अमेरिकेची दहा वर्षेंही सरत आलीं.

अशा वेळीं रमाबाईंनीं काय केलें? त्या सुमारास त्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचें चरित्र वाचीत होत्या. या म्यूलरनें १८३६ पासून अनाथगृहें चालविलीं. सबंध आयुष्यांत सुमारें दहा हजार मुलांना आसरा दिला, आणि कोणाजवळ वर्गणी न मागतां केवळ प्रार्थनेवर हें सारें चालविल्याची त्याची ख्याति होती. त्याचे हिशेब मात्र पैन् पैचे असत आणि छापून प्रसिद्ध होत. इंग्लंडांत होतें तें हिंदुस्थानांत कां होऊं नये, हा विचार रमाबाईंच्या मनांत घोळूं लागला. पण प्रार्थना चालूं असतांनाच त्यांनीं केडगांवला सुमारें शंभर एकर जमीन घेतली आणि तींत फळझाडें लावलीं, कारण मदत थांबली तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावें. मला ही बाग फार बोलकी वाटते. जिला देवावर भरंवसा नाहीं ती बाई दुसरी मदत मिळेपर्यंत सदन बंद ठेवती. जिचा भरंवसा आंधळा आहे ती झाडें लावती ना.

झाडें फळाला येण्यापूर्वींच माणसें आलीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. तेथें त्यांना जें दिसलें तें त्यांचेंच जुनें घर होतें. तेथून शेंकडों मुली आणि विधवा त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेग सुरू झालेला. इतक्या मुलींना शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां केडगांवच्या उघड्या शेतांत झोंपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ति सदन जन्मास आलें. १८९८ सालीं मुदत संपल्यावर बोस्टनच्या मंडळींनीं मदतीची नवी व्यवस्था केली खरी, परंतु ती मुख्यतः शारदा सदनासाठीं. मुक्तीला ठराविक उत्पन्न नव्हतें. त्यांतच १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळांतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार तोंडें आणि ठराविक उत्पन्न शून्य. या आंकड्यांपुढें आपल्या महिनाअखेरीची काळजी थोडी लाजते. पण केडगांवीं गेलेल्या पाहुण्यास नुसती प्रार्थना दिसत नसे. विहिरी खणलेल्या दिसत, शेती आणि दुभतें दिसे, माग चालत, तेलाचा घाणा फिरे, शिवणकाम चाले, धुलाई होई, छापखाना चाले. अंध मुलींना ब्रेल लिपि आणि विणकाम शिकवीत. परदेशांतील स्नेह्यांना वृत्त कळविणारें इंग्रजी पत्रक निघे. असें पत्रक काढणें हीच एका परीची याचना नव्हे काय, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा. मिळालेल्या पैशाचा वृत्तांत देणाऱ्यास कळविणें याला मी याचना म्हणणार नाहीं. तो न कळविणें याला मात्र दुसरें नांव आहे.

आतां पुन्हां आपल्या पट्ट्याकडे येऊं, कारण दोन हजार मुली सांभाळण्याची पाळी आपणांपैकीं कोणावर येण्याचा संभव नाहीं. समजा, चाकणच्या बाजूस सुटे भाग करणाऱ्या एखाद्या लहान कारखान्यांत एक तपासनीस आहे. माल संध्याकाळीं गाडींत चढावयाचा आहे. शंभर नग मोजमापानें तपासले अशी सही हवी आहे, आणि तपासले आहेत वीस. वरचा माणूस म्हणतो, सही करा. ख्रिस्ती जीवनाची परीक्षा रविवारच्या गायनांत होत नसेल, पण येथें होते. सही करावी तर उद्यां कोणाच्या तरी गाडीचा ब्रेक त्या सहीवर विसंबणार; न करावी तर कंत्राटी नोकरी, घराचा हप्ता, मुलीची फी. देव पाहून घेईल असें म्हणून सही नाकारणें थोर आहे. पण तुकोबांच्या दोन वांटण्या येथें आठवाव्या. ज्या घराचा हप्ता थकणार तें घर त्याच्या एकट्याचें नाहीं. त्यानें ही गोष्ट घरीं आधींच, शांतपणें, वही पुढें घेऊन बोलून ठेविली असेल, दोन महिन्यांचा शिधा आणि भाडें बाजूस काढलें असेल, दुसऱ्या कामाची चौकशी ठेविली असेल, तर त्याचा नकार घरानें मिळून दिलेला नकार होतो. बायकोलाही त्या भरंवशांत वांटा मिळतो. नुसतें देणें तिच्या वांट्यास येत नाहीं. मला ठाऊक असलेल्या कांहीं घरांत गुरुवारच्या सुटीच्या संध्याकाळीं प्रार्थना झाल्यावर नवराबायको याच गोष्टी बोलत बसतात. उपासनेचा रविवार हुकला तरी हा गुरुवार मी कमी प्रतीचा मानीत नाहीं.

इतकें करूनही सारें नीट होतें असें नाहीं. नोकरी खरोखरच जाते, आजार बरा होत नाहीं, प्रार्थना केली त्याच्या उलट घडतें. येथें पुष्कळ उपदेशक पान उलटतात. रमाबाईंना तें उलटतां आलें नाहीं. मनोरमा ही त्यांची एकुलती मुलगी. नवरा तिच्या बाळपणींच गेलेला. तीच मुक्तीचें काम पुढें चालविणार होती. १९२१ च्या जुलैंत, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, ती वारली. रमाबाई तेव्हां त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांची प्रकृति ढांसळलेली होती. साध्या बायकांना समजेल अशा मराठींत सबंध बायबल आणावें म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं हातीं घेतलेलें भाषांतर तेव्हां पुरें व्हावयाचें होतें. त्या पुन्हां कामास बसल्या. काम हातावेगळें झालें, आणि १९२२ च्या ५ एप्रिलला त्या वारल्या. केडगांवच्याच छापखान्यांतून तें बायबल १९२४ सालीं पुरें छापून बाहेर पडलें.