गच्चीवरचे पाणी, वाड्यातला आड

भर पावसात पुण्याच्या मंडईतून बाहेर पडून शुक्रवार पेठेतल्या बोळांतून चालताना जरा वर पाहावे. गच्च्यांवरून उतरणारे चार इंची पाइप भिंतीला धरून खाली येतात आणि बहुतेक ठिकाणी थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरतात. वर पडलेले स्वच्छ पाणी खाली पोचताच सांडपाणी होते. मार्च-एप्रिलमध्ये त्याच इमारतींच्या दारात टँकर उभा राहतो.

या पाण्याचे मोजमाप सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. तिच्यावर वर्षभरात 65 हजार लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, उडालेले थेंब आणि सोडून द्यावे लागणारे पहिले पाणी वजा केले, तरी 52 हजार लिटर हाती लागू शकते. माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरले, तर चौघांच्या कुटुंबाची ही तीन महिन्यांची गरज झाली. अर्थात हा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि तेव्हा नळालाही पाणी असते. म्हणून खरा प्रश्न साठवायचे कुठे हा आहे.

पेठांनी हा प्रश्न पूर्वी सोडवला होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला बांध घालून तिथले पावसाचे पाणी दगडी भुयारी नळाने शहरात आणले गेले. वाटेत गाळ काढण्यासाठी आणि हवा खेळण्यासाठी उच्छ्वास ठेवले होते. हे पाणी पेठांमधल्या हौदांत उतरे. त्याशिवाय वाड्यावाड्यांत आड होते. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी पाण्याचा शेतीच्या अंगाने केलेला विचार मात्र तितका आठवला जात नाही. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जागोजाग ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, अशी सूचना केली आहे. 1886 साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या मंडईला पुढे त्यांचेच नाव मिळाले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंतही गेली आणि नळ कोरडे पडले, तेव्हा पुणेकर पुन्हा आड-हौदांकडे वळले.

त्यामुळे मंडईच्या परिसरात पाऊसपाण्याची यंत्रणा बसवू पाहणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा: इथे जुना आड आहे का? असेल, तर निम्मे काम झालेले असते. गच्चीचा पाइप ड्रेनेजमधून सोडवायचा, मध्ये फिल्टर बसवायचा आणि पाणी आडात सोडायचे. यात टाकीचा खर्च वाचतो. मात्र आधी गाळ उपसून घ्यावा लागतो. तो खर्च आडाच्या खोलीवर आणि आत काय काय टाकले गेले आहे त्यावर ठरतो. पेठांमधल्या ड्रेनेजच्या वाहिन्या जुन्या असल्याने आडात मैलापाणी झिरपत नाही ना, याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणेही आवश्यक. वाडा पाडून नवी इमारत उभी करताना राडारोडा टाकून आड बुजवला जातो, हे या शहराचे मोठे नुकसान आहे. तेवढी खोल, बांधीव विहीर आज नव्याने खणायची म्हटली, तर लाखांचा हिशेब होईल.

आड नसेल, तर टाकी. पेठेतल्या इमारतींना बाजूला मोकळी जागा जवळजवळ नसतेच. तिथे साठवण हाच सोपा मार्ग. त्यातही पहिल्या पावसाचे पाणी घेऊ नये. वर्षभराची धूळ आणि मंडईभोवती तर कबुतरांची विष्ठा घेऊनच ते उतरते. हजार फुटांच्या गच्चीसाठी पहिले शंभर लिटर, म्हणजे पावसाचा पहिला मिलिमीटर, वेगळ्या आडव्या-उभ्या पाइपात अडकवून नंतर सोडून द्यावेत. त्यानंतर जाळी, खडी, वाळू आणि कोळशाचे थर असलेला फिल्टर, मग टाकी. टाकीला झाकण घट्ट हवे आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास होते.

पाइपाबाबत कंजूषपणा करू नये. तासाला 50 मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल, तर चार इंची एक पाइप साधारण 85 चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेतो. पुण्यात वळवाचे आणि परतीचे पाऊस याहून जोरात येतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर शहर विसरलेले नाही. हजार फुटांच्या गच्चीला दोन पाइप हवेतच.

आता खर्च. बोहरी आळीत नळ-पाइपांची दुकाने हाकेच्या अंतरावर असल्याने सामानाची वाहतूक स्वस्त पडते. हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी साधारण पाच ते नऊ हजार, तयार फिल्टर आठ ते वीस हजार, पाइप आणि जोड चार ते आठ हजार, प्लंबरची मजुरी तीन ते पाच हजार. एकूण वीस ते बेचाळीस हजार रुपये. हे अंदाज आहेत. दर कंपनीनुसार आणि इमारतीच्या उंचीनुसार हलतात. फिल्टर घरी विटा-सिमेंटच्या कुंडीत बनवला, तर त्याचा खर्च बराच उतरतो.

हजार लिटरची टाकी चौदा मिलिमीटरच्या एकाच सरीत भरते आणि पुढचे पाणी वाहून जाते. ती रोज रिकामी करण्याची सवय लागली, तरच तिचा उपयोग. फरशी, गाड्या, कुंड्या, संडासाची टाकी यांसाठी हे पाणी बिनधास्त वापरावे. पिण्यासाठी मात्र नाही, विशेषतः गच्चीवर रासायनिक वॉटरप्रूफिंग केलेले असेल तर. केवळ टँकरचे वाचलेले पैसे मोजले, तर एकट्या घराला खर्च वसूल होण्यास बरीच वर्षे लागतात. वीस सदनिकांच्या सोसायटीत मात्र लाखभर रुपयांची मोठी यंत्रणा घरटी पाच हजारांत बसते. सोसायट्यांनी म्हणूनच मागे राहू नये.

मोकळी जागा असलेल्या उपनगरांत खड्डा खणून किंवा बोअरमध्ये पाणी मुरवले जाते. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, आत दगड-खडी-वाळू, हे काम तीस ते साठ हजारांत होते. पण पुण्याखाली बेसाल्ट आहे. भेगाळलेला, झिजलेला थर पाणी पितो. घट्ट कातळ पीत नाही. म्हणून पैसे घालण्यापूर्वी बोअरमध्ये टँकरभर पाणी सोडून ते किती वेळात खाली जाते, ते पाहावे. काही तासांनंतरही पातळी उतरली नाही, तर तिथे पुनर्भरणाचा नाद सोडून साठवणीकडे वळावे. पुण्यातल्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेने शहराखालच्या जलधरांचा अभ्यास केला आहे. मोठ्या सोसायटीने भूजलतज्ज्ञाचा सल्ला घेतलेला बरा. जुन्या इमारतीच्या पायाला लागून तर खड्डा मुळीच खणू नये.

तमिळनाडू सरकारने 2003 मध्ये सर्वच इमारतींना, जुन्यांनाही, ही यंत्रणा सक्तीची केली आणि चेन्नईत विहिरींची पातळी वर आली. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामाला ती बंधनकारक आहे. न बसवल्यास दर शंभर चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकार लावण्याची तरतूद आहे. पेठेतले छोटे भूखंड या मर्यादेत क्वचितच येतात, त्यामुळे इथे पुढाकार घरमालकांनी आणि भाडेकरूंनीच घ्यायचा आहे.

त्यासाठी पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलत ठेवली आहे. पाऊसपाणी, सौरऊर्जा आणि गांडूळखत यांपैकी एक यंत्रणा असेल तर पाच टक्के, दोन असतील तर दहा टक्के. यंत्रणा चालू नसल्याचे पाहणीत आढळले, तर सवलत जाते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस गच्ची झाडून काढणे, वाळू-खडी बाहेर काढून धुणे आणि पाइपाच्या तोंडाची जाळी बदलणे ही कामे वर्षाच्या खर्चात आधीच धरावीत; त्यांना हजार-दीड हजार रुपये आणि एक रविवार लागतो.