छापणे वेगळे, कळविणे वेगळे

एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय व्यक्त करणारे निनावी पत्र संपादकाच्या हाती पडले, तर त्याने काय करावे? पुरावा नाही, मुलाची बदनामी नको, या विचाराने पत्र खणात ठेवले जाते आणि आपण संयम पाळला असे समाधान मानले जाते. भारतीय कायदा याला संयम म्हणत नाही.

बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजेच पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आला. त्याच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचे ठाऊक असलेल्या किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. २०वे कलम तर प्रसारमाध्यमे, हॉटेल, रुग्णालय, फोटो स्टुडिओ यांचा थेट उल्लेख करते. बालकाचे लैंगिक शोषण दर्शविणारे छायाचित्र वा अन्य साहित्य आढळल्यास तेथील कर्मचाऱ्यांनी पोलिसांना माहिती दिलीच पाहिजे. कर्मचारी किती, हा प्रश्न गौण आहे. त्यामुळे मुंबईचे मोठे दैनिक आणि दोघातिघांच्या बळावर निघणारे धर्मग्रामाचे त्रैमासिक यांना एकच नियम लागू होतो; पहिल्या कम्युनियनचे फोटो काढणारा गावातला स्टुडिओही त्यातून सुटत नाही. माहिती दडविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास वर्षभरापर्यंत कैद व दंड आहे.

गोंधळ होतो तो २३व्या कलमामुळे. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर, थोडक्यात ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. बालकाच्या हितासाठी विशेष न्यायालयाने परवानगी दिली तरच अपवाद. परंतु हे बंधन वाचकांपुढे काय ठेवावे याविषयीचे आहे, पोलिसांना काय सांगावे याविषयीचे नव्हे. छापण्यासाठी खात्री हवी. कळविण्यासाठी संशय पुरेसा आहे. आम्हा संपादकांना आधी शहानिशा करण्याची सवय असते, आणि एरवी ती चांगलीच. येथे मात्र मुलाला पुनःपुन्हा प्रश्न विचारून केलेली हौशी चौकशी त्याच्या जखमा उकरते व संशयितालाही सावध करते. तपास पोलिसांनी करावा. त्यांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे असते. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे.

न्यायालयांनीही याकडे गांभीर्याने पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींवरील अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. त्यांच्यावरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालाने समाजमाध्यम कंपन्यांनाही हे कर्तव्य चुकविता येणार नाही असे बजावले.

आपल्या ख्रिस्तसभेने हा धडा फार महागात घेतला. बोस्टनमधील जी प्रकरणे चर्चच्या कपाटांत बंद होती, ती जानेवारी २००२ पासून 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाने उघड केली. पुढे २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू व व्रतस्थांना अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे कळविणे बंधनकारक केले. मात्र नागरी कायद्याची कर्तव्ये अबाधित ठेवली. म्हणजे बिशपांना पत्र लिहिल्याने पोलिसांकडे जाण्याचे कर्तव्य संपत नाही. काहींना येथे प्रायश्चित्त संस्कारातील गुप्तता आठवेल, पण संपादकाच्या टेबलावर आलेले पत्र म्हणजे पापनिवेदन नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच पोप महोदयांनी पीडितांना आवाज दिल्याबद्दल पत्रकारांचे आभार मानले होते.

आमच्याकडे असे पत्र आले, तर ते या पानांवर दिसणार नाही. ते पोलिसांकडे जाईल आणि नोंदीचा क्रमांक आम्ही जपून ठेवू. वाचकांना सल्ला हवा असल्यास १०९८ हा बालकांसाठीचा विनामूल्य मदत क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. कायद्याची पूर्तता मात्र पोलिसांना कळविल्यावरच होते.