शालेय स्वयंसेवक पालकांची चारित्र्य पडताळणी

शालेय स्वयंसेवक पालकांची चारित्र्य पडताळणी म्हणजे शाळेच्या कामात विनामूल्य साहाय्य करणाऱ्या पालकांची ओळख, निवास आणि पोलीस दप्तरातील नोंदी यांची शाळेने करून घेतलेली तपासणी होय. सहलीसोबत जाणे, स्नेहसंमेलनाची तयारी करणे, वाचनाचे वा खेळाचे वर्ग घेणे, पोषण आहाराच्या वाटपास हातभार लावणे अशा कामांत पालकांचा मुलांशी थेट संबंध येतो. भारतात शाळेच्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी नियमाने बंधनकारक आहे. स्वयंसेवक पालक मात्र कर्मचारी नसल्यामुळे त्या नियमाच्या शब्दांत थेट बसत नाहीत. परिणामी त्यांच्याबाबतची दक्षता प्रामुख्याने शाळेवर अवलंबून राहते.

शाळेतील पालकांचा सहभाग

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात. म्हणजेच पालकांचा शाळेतील वावर ही केवळ सवलत नसून त्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत माता पालक गटही काम करतात. केंद्र शासनाच्या 'विद्यांजली' उपक्रमाची दुसरी आवृत्ती ७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तिच्याद्वारे पालक नसलेले नागरिकही शाळांना सेवा देऊ शकतात.

कायदेशीर तरतुदी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्याखालील २०२० च्या नियमांपैकी नियम ३ नुसार, मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी आदी संस्थांनी आपल्या शिक्षक, शिक्षकेतर, कायम व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी ठरावीक कालांतराने करणे आवश्यक आहे. बालसुरक्षेबाबत त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही संस्थेवरच आहे. विनावेतन काम करणाऱ्या पालकांचा या नियमात स्वतंत्र उल्लेख नाही.

गुन्हा घडल्यास मात्र स्वयंसेवक असण्याने कोणाची सुटका होत नाही. बालकाच्या दृष्टीने विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानी असलेल्या व्यक्तीने केलेला लैंगिक अपराध पोक्सोच्या कलम ५ व ९ नुसार अधिक गंभीर मानला जातो. ती व्यक्ती वेतन घेते की नाही, हा मुद्दा तेथे गौण ठरतो. थोडक्यात, शिक्षेच्या टप्प्यावर कायदा स्वयंसेवकापर्यंत पोहोचतो. पूर्वतपासणीच्या टप्प्यावर त्याचा नामनिर्देश करीत नाही.

महाराष्ट्रातील घडामोडी

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार दाखल झाली. अटक झालेला संशयित कंत्राटी सफाई कामगार होता. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर रेल्वे स्थानकात अनेक तास लोहमार्ग रोखून धरला. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रार पेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती आणि बाह्य व कंत्राटी कर्मचाऱ्यांची नेमणुकीपूर्वी चारित्र्य पडताळणी यांवर त्यात भर होता. मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पुढे शाळांतील सुरक्षेच्या उपायांचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमण्यात आली.

तत्पूर्वी १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांत 'सखी सावित्री' समित्या स्थापन करण्याचे ठरले होते. शिक्षिका, महिला पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांना या समितीत स्थान आहे. बदलापूरच्या घटनेनंतर या समित्या प्रत्यक्षात किती ठिकाणी कार्यरत आहेत, हा प्रश्न चर्चेत आला.

पडताळणीची पद्धत

महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी पोलीस दलाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. अर्जासोबत ओळख व निवासाचे पुरावे, छायाचित्र आणि आवश्यकतेनुसार संबंधित संस्थेचे पत्र जोडावे लागते. स्थानिक पोलीस ठाणे नोंदी तपासते. त्यानंतर शहरी भागात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षक यांच्या कार्यालयातून प्रमाणपत्र दिले जाते.

ग्रामीण भागातील रचना लासूर स्टेशनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरील हे बाजारपेठेचे गाव गंगापूर तालुक्यात आहे. तेथील रहिवाशाचे प्रमाणपत्र छत्रपती संभाजीनगर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. गावातील जिल्हा परिषद शाळेचा कारभार मात्र केंद्रप्रमुख, गंगापूरचे गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी या साखळीतून चालतो. पोलीस आणि शिक्षण या दोन स्वतंत्र यंत्रणा असल्यामुळे पडताळणी मागण्याचा पुढाकार मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनाच घ्यावा लागतो. एका दिवसाच्या सहलीसाठी सोबत येणाऱ्या आईकडून असे प्रमाणपत्र मागणे अनेकदा व्यवहार्य ठरत नाही. म्हणून कामाच्या स्वरूपानुसार तपासणीची पातळी ठरवणे सोयीचे असते. इतरांच्या देखत केलेल्या अल्पकालीन कामासाठी ओळखपत्राची प्रत व नोंदवहीतील सही पुरेशी होऊ शकते. नियमित, मुक्कामी किंवा मुलांशी एकांतात संबंध येणाऱ्या कामासाठी पोलीस पडताळणी उचित ठरते.

मर्यादा

पोलीस प्रमाणपत्र केवळ नोंदवलेल्या गुन्ह्यांविषयी सांगते. ज्या अत्याचाराची तक्रारच झाली नाही, तो दप्तरात सापडत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातील होते. बहुतेक मुलांनी घडलेली गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. 'सर्वांच्या ओळखीचा माणूस' ही खात्री अपुरी का ठरते, हे या आकड्यांवरून दिसते.

सप्टेंबर २०१७ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथील शाळेत एका विद्यार्थ्याची हत्या झाली. त्यानंतर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व मानसशास्त्रीय चाचणी करण्यास सांगितले. प्रथम बसवाहकाला अटक झाली होती. परंतु केंद्रीय अन्वेषण विभागाने पुढे त्याच शाळेतील एका विद्यार्थ्यावर आरोप ठेवला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने वाहकाला आरोपमुक्त केले. प्रमाणपत्रांनी सर्व धोके टळत नाहीत आणि संशय प्रथम कनिष्ठ कामगारावर जातो, अशा दोन्ही बाबी या प्रकरणातून पुढे आल्या.

आक्षेप

सरसकट पडताळणीवर काही आक्षेप घेतले जातात. प्रलंबित खटला आणि सिद्ध झालेला गुन्हा यांत फरक न केल्यास निर्दोष पालक शाळेपासून तुटतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा कलंक १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही ज्या विमुक्त जमातींच्या वाट्याला आला, त्यांना पोलीस चौकशीची धास्ती अधिक वाटते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना निवासाचा पुरावा देणे कठीण जाते. खासगी माहिती कोणी व किती काळ जपून ठेवावी, हाही प्रश्न आहे. शाळेशी आधीच कमी संपर्क असलेले पालक अशा अटींमुळे अधिक दूर जाण्याची शक्यता असते.

इतर देशांतील पद्धती

इंग्लंडमधील सोहम येथे २००२ मध्ये दोन मुलींची हत्या झाली. दोषी ठरलेली व्यक्ती तेथील माध्यमिक शाळेत देखभाल कर्मचारी होती आणि तिच्याविरुद्धच्या पूर्वीच्या तक्रारींची माहिती नेमणुकीच्या वेळी शाळेपर्यंत पोहोचली नव्हती. त्यानंतरच्या चौकशीतून २००६ चा कायदा झाला आणि २०१२ मध्ये सध्याची पडताळणी सेवा स्थापन झाली. तेथे स्वयंसेवकांच्या पडताळणीचे शासकीय शुल्क आकारले जात नाही आणि देखरेखीखालील काम व एकट्याने केलेले काम यांत भेद केला जातो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात आपल्या पाल्याच्या शालेय उपक्रमात मदत करणाऱ्या पालकाला सामान्यतः सूट आहे. मात्र मुक्कामी शिबिरासारख्या कामांना ती लागू होत नाही.

पूरक उपाय

पडताळणीच्या जोडीला काही साधे नियम उपयुक्त ठरतात: कोणत्याही स्वयंसेवकाने मुलासोबत बंद खोलीत एकटे न राहणे, सहलीत किमान दोन प्रौढ व्यक्ती असणे, स्वच्छतागृहासाठी स्वतंत्र व्यवस्था, आगंतुकांची नोंदवही आणि मुलांना समजेल अशा भाषेत सुरक्षित व असुरक्षित स्पर्शाची माहिती. हे नियम शिक्षक, कर्मचारी व पालक या सर्वांना सारखेच लागू केल्यास कोणा एकावर संशय घेतल्यासारखे होत नाही.

अपराधाची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. हाताखालील व्यक्तीच्या अपराधाची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. मदतीसाठी १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे.