भंगाराचा लिलाव पडद्यावर



गळीत हंगाम संपून ओव्हरहॉलिंग लागलं की कारखान्याच्या आवारात झिजलेले रोलर, गळक्या बॉयलर-नळ्या, तुटक्या साखळ्या यांचा ढीग साचतो. ढीग गंजका, पण पैसा सभासदांचा. तो विकतात कसा, हे सर्वांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

जागेवरच्या लिलावाची गोम जुनीच आहे. चार व्यापारी चहा पिता पिताच भाव ठरवतात आणि बोली एकच गडी चढवतो! संगणकावरच्या लिलावात समोर बोली कोणाची हे कळत नाही. जालन्याचा पोलादवाला आणि पंजाबातल्या मंडी गोविंदगढचा व्यापारी आपापल्या पेढीवर बसून एकाच लॉटवर बोली लावू शकतात.

केंद्र सरकारची एम.एस.टी.सी. ही १९६४ साली कोलकात्यात निघालेली कंपनी असे लिलाव चालवते. २०१५ सालचे कोळसा खाणींचे लिलावही तिच्याच यंत्रणेवर झाले. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकतात. म्हणून आधी पाहणीचे दिवस, मग बयाणा, मग बोली. राखीव किंमत विकणारा ठरवतो.

खरी मेख आहे लिलाव संपण्याच्या वेळेत. १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या ई-बे बाजारात लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो. साहजिकच हुशार गिऱ्हाईक गप्प बसतं आणि शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतं. बाकीच्यांना चढवायला वेळच उरत नाही. अॅमेझॉनच्या त्या काळच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दोन्ही बाजार ताडून पाहिले, तेव्हा ऐनवेळची दडून टाकलेली बोली ई-बेवरच जास्त आढळली. एम.एस.टी.सी.तही अखेरीस बोली आली तर वेळ आपोआप वाढते. आपल्याकडचं 'एक वार, दोन वार, तीन वार' ते हेच. विकणाऱ्याला हीच रीत सोयीची, असे आमचे मत.

मात्र संगनमत फोनवरूनही होते, त्याला पडदा काय करणार? आणि भाव टनावर ठरला की माल काट्यावरूनच बाहेर जातो. काट्याचं महत्त्व ऊसवाल्याला आम्ही काय सांगावं! तेव्हा वार्षिक सभेत विचारावे: बोलीला किती जण होते, राखीव किंमत कशी काढली, आणि बेअरिंगचे गनमेटल लोखंडाच्या ढिगात गेले की त्याचा लॉट वेगळा लावला?